पासोडी ते हार्ड डिस्क : लॅपटॉपची स्मृती बदलण्याचा इतिहास

१/
लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलणे हे काम दिसायला क्षुल्लक आहे. तळाचे झाकण उघडायचे, चार स्क्रू काढायचे, तळहाताएवढी पेटी बाहेर ओढायची आणि तिच्या जागी दुसरी सरकवायची. सरावलेल्या हाताला पंधरा मिनिटे पुरतात. परंतु या पंधरा मिनिटांत जे पणाला लागते ते मोठे असते. प्रबंधाचा मसुदा, जमिनीच्या कागदांच्या प्रती, लेकराच्या बारशाची छायाचित्रे, दुकानाचा दहा वर्षांचा हिशेब. या छोट्या कामामागे सुमारे सत्तर वर्षांचा यंत्रेतिहास आहे. आणि त्यामागचा मूळ प्रश्न त्याहून फार जुना आहे. लिहिलेले टिकते ते वस्तूमुळे की नकलेमुळे? हा धागा त्या प्रश्नाचा.

२/
प्रश्न समजून घ्यायला बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईसारखे गाव नाही. बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेल्या या गावात योगेश्वरीचे देऊळ आहे आणि मुकुंदराजांची समाधी म्हणून पूजले जाणारे स्थान आहे. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' परंपरेने शके १११० चा, म्हणजे इ. स. ११८८ चा मानला जातो. मराठीतील आद्य ग्रंथांत त्याची गणना होते. तो नेमका केव्हा आणि कोठे लिहिला गेला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मूळ हस्तलिखित कोणापाशीच नाही. आज हाती आहेत त्या नकलांच्या नकला, आणि म्हणूनच त्यांची भाषा बाराव्या शतकाच्या मानाने बरीच अर्वाचीन वाटते. प्रत्येक लेखनिकाने आपल्या काळाची थोडी भाषा त्यात मिसळली. मूळ वस्तू गेली. ग्रंथ मात्र राहिला.

३/
त्याच गावात याच्या अगदी उलट उदाहरण आहे. दासोपंत (शके १४७३ ते १५३७, इ. स. १५५१ ते १६१५) हे मराठीतील सर्वांत विपुल लेखन करणाऱ्यांपैकी एक. त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा म्हणून ओळखला जातो. ते रोज एका ढब्बू पैशाची शाई लिहून संपवत, अशी आख्यायिका आहे. त्यांनी 'पंचीकरण' हा विषय कागदावर न लिहिता कापडावर लिहिला. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशी ती पासोडी चार शतके अंबाजोगाईत जपली गेली आहे. येथे मूळ वस्तूच टिकली. परंतु त्यासाठी किती पिढ्यांनी वाळवी, ओल, उंदीर आणि आग यांच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला असेल, याची कल्पनाच करावी.

४/
म्हणजे दोन मार्ग. एक, वस्तू जपणे. दुसरा, वस्तू झिजण्याआधी मजकूर दुसरीकडे उतरवून घेणे. हार्ड डिस्कच्या बाबतीत पहिला मार्ग जवळजवळ बंद आहे, कारण ती चार शतके टिकणारी वस्तू नाही. ती फिरणारे यंत्र आहे, आणि फिरणारे यंत्र झिजतेच. तिला उरतो तो दुसरा मार्ग. हे असे का झाले, हे पाहण्यासाठी १९५६ सालाकडे जावे लागते.

५/
सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने '३०५ रॅमॅक' हे यंत्र जाहीर केले. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली ते घडले होते. त्याच्या स्मृतिभागात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्यावर मिनिटाला १२०० फेरे घेत. वजन एका टनाच्या वर. क्षमता ५० लाख अक्षरे. आज मोबाइलमधील एखादे छायाचित्र तेवढी जागा घेते. हे यंत्र बहुधा भाड्यानेच घेतले जाई. ते बिघडले तर दुरुस्तीसाठी कंपनीचा माणूस येई. ग्राहकाने स्वतः काही बदलावे, हा विचारही तेव्हा शक्य नव्हता.

६/
तरीही रॅमॅकने एक मोठी गोष्ट साधली. त्याआधी माहिती चुंबकीय फितीवर किंवा छिद्रे पाडलेल्या कार्डांवर असे. फितीच्या शेवटची नोंद हवी असेल तर सारी फीत उलगडावी लागे. तबकडीवर मात्र वाचणारा काटा हव्या त्या जागी थेट नेता येतो. गुंडाळी पहिल्या टोकापासून वाचत जाणे आणि पोथीचे हवे ते पान थेट उपसणे, यांत जो फरक, तोच हा. रॅमॅक या नावातील पहिली दोन अक्षरे याच यादृच्छिक प्रवेशाची आहेत. पुढच्या सर्व हार्ड डिस्कचे मूळ येथे आहे.

७/
डिस्क बदलण्याची कल्पना आली १९६२ साली. आयबीएमच्या '१३११' या यंत्रात १४ इंची सहा तबकड्यांची चळत यंत्रातून उचलून काढता येई. वजन साधारण साडेचार किलो. झाकणासकट ती केक ठेवण्याच्या डब्यासारखी दिसे. सकाळी पगारपत्रकाची चळत, दुपारी साठ्याच्या हिशेबाची. जुन्या दप्तरखान्यात कारकुनाने एक बस्ता बांधून ठेवावा आणि दुसरा सोडावा, तसा हा प्रकार होता. म्हणजे डिस्क बदलणे हा आरंभी बिघाडाचा उपाय नव्हता. तो रोजचा व्यवहार होता.

८/
पण या मोकळ्या चळतींचा एक शत्रू होता, धूळ. वाचणारा काटा तबकडीला टेकत नाही. तबकडीच्या फिरण्याने निर्माण होणाऱ्या हवेच्या पातळ थरावर तो तरंगतो. हे अंतर जितके कमी, तितकी अक्षरे बारीक आणि क्षमता अधिक. परंतु अंतर कमी झाले की धुळीचा कणही डोंगर ठरतो. १९७३ साली आयबीएमच्या '३३४०' या रचनेने यावर तोड काढली. तबकड्या आणि काटे दोन्ही एकाच बंद पेटीत घातले. 'विंचेस्टर' या बंदुकीच्या नावाने ती रचना ओळखली गेली. आजची प्रत्येक फिरती हार्ड डिस्क तिचीच वंशज आहे.

९/
येथे एक वळण लक्षात ठेवण्याजोगे आहे. पेटी बंद झाली तेव्हा धूळ बाहेर राहिली, पण दुरुस्तीही बाहेर राहिली. आतला एखादा काटा तेवढा बदलणे हे सामान्य दुकानाच्या आवाक्यातून गेले. हार्ड डिस्क 'दुरुस्त' होत नाही, ती 'बदलली' जाते, हे आज स्वयंसिद्ध वाटणारे विधान या पेटीपासून खरे झाले. साध्या खोलीत डिस्कचे झाकण उघडणाऱ्याने आतील मजकुराचा घात केला, असेच समजावे.

१०/
यानंतर आकार वेगाने आटला. १९८० साली सीगेट कंपनीची सव्वापाच इंची डिस्क आली. क्षमता ५ मेगाबाइट. म्हणजे एक टन वजनाच्या रॅमॅकची बरोबरी आता टेबलावरच्या पेटीने केली. १९८३ मध्ये स्कॉटलंडच्या रोडाइम कंपनीने साडेतीन इंची डिस्क आणली. १९८६ च्या तोशिबा टी३१०० या वाहून नेण्याजोग्या संगणकात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती, पण तो भिंतीतील विजेवरच चाले. १९८८ मध्ये प्रेअरीटेक कंपनीची अडीच इंची, २० मेगाबाइटची डिस्क आली. पुढे वीस वर्षे लॅपटॉपच्या पोटात हेच माप राहिले.

११/
माप ठरले, तरी एका कंपनीची डिस्क दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये बसेल याची हमी कोण देणार? त्यासाठी उत्पादकांनी १९९० मध्ये छोट्या डिस्कांच्या मापांसाठी एक समिती स्थापली. रुंदी ६९.८५ मिलिमीटर, स्क्रूची छिद्रे कोठे, जोडणीचे टोक कोठे, सारे लिहून ठरले. जाडी मात्र काळानुसार साडेबारा, साडेनऊ आणि शेवटी सात मिलिमीटरवर आली. प्रत्येक छापखान्याचे खिळे वेगळ्या उंचीचे असते तर मुद्रणाचा जसा खोळंबा झाला असता, तसा येथे झाला नाही. गावोगावच्या दुकानांत हे काम शक्य झाले ते या कोरड्या कोष्टकांमुळे.

१२/
डिस्क मरते कशी? लॅपटॉपची सर्वसाधारण डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते. अडीच इंची तबकडीची कड तेव्हा ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने धावत असते. काटा तिच्यापासून काही नॅनोमीटरवर असतो. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड. अशा अवस्थेत चालू लॅपटॉप मांडीवरून पडला की काटा तबकडीवर आपटतो आणि चुंबकीय थर खरवडला जातो. खरवडलेला थर म्हणजे पुसलेली अक्षरे. ती कोणत्याही उपायाने परत येत नाहीत.

१३/
या अपघातावरचा एक सुंदर उपाय २००३ मध्ये आला. आयबीएमने थिंकपॅड लॅपटॉपमध्ये गतिमापक बसवला. यंत्र घसरते आहे असे दिसताच तो काट्याला तबकडीवरून बाजूला नेऊन उभा करी. जमिनीवर आदळण्याआधीच्या क्षणार्धात हे घडे. तरीही झीज थांबत नाही. टक्-टक् असा ठेक्यातला आवाज, फाइल उघडताना लागणारा अकारण वेळ, वाचता न येणारे भाग, ही सारी आजारपणाची लक्षणे. अशी लक्षणे दिसूनही लोक 'अजून चालतोय ना' म्हणून दिवस ढकलतात. जुन्या पोथ्यांचेही असेच होई. पान हातात मोडू लागे तेव्हा नक्कल आठवे.

१४/
बदलायला गेलेल्यांना इतिहासाने आणखीही अडथळे दाखवले. नवी डिस्क बसे, पण यंत्राला ती पूर्ण दिसत नसे. पत्ता लिहायला ठरावीकच अंक राखून ठेवलेले, म्हणून १९९० च्या दशकात अनेक संगणकांना ५२८ मेगाबाइटपलीकडचे काही उमगत नसे. पुढची भिंत १३७ गिगाबाइटची. मग रुंद पट्टीची जुनी जोडणी जाऊन २००३ पासून 'साटा' ही अरुंद जोडणी आली. दोन्हींची टोके एकमेकांत बसत नाहीत. म्हणून जुना लॅपटॉप उघडण्यापूर्वी जोडणी कोणती आणि जाडी किती, हे दोन प्रश्न आजही प्रथम विचारावे लागतात.

१५/
एका छोट्या वस्तूमागे केवढे जग उभे असते, याचा धडा २०११ मध्ये मिळाला. त्या वर्षी थायलंडमध्ये महापूर आला. जगातील हार्ड डिस्कचा आणि तिच्या सुट्या भागांचा मोठा वाटा त्या देशात बनत होता. ऑक्टोबरमध्ये कारखाने पाण्याखाली गेले आणि पाहता पाहता जगभर डिस्कच्या किमती भडकल्या. चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातील पाऊस मराठवाड्यातील दुकानदाराच्या दरपत्रकात उतरू शकतो, हे तेव्हा कळले.

१६/
दरम्यान फिरत्या तबकडीचा पर्याय तयार होत होता. तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश स्मृतीचा शोध लावला. आज सर्वत्र वापरला जाणारा तिचा 'नँड' प्रकार १९८७ मध्ये मांडला गेला. तिच्यात काहीच फिरत नाही. अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून अक्षरे जपली जातात. कानपूरला जन्मलेले संजय मेहरोत्रा ज्या कंपनीचे एक सहसंस्थापक होते, त्या सनडिस्कने (पुढची सॅनडिस्क) १९९१ मध्ये २० मेगाबाइटची अशी डिस्क आणली. किंमत सुमारे हजार डॉलर. स्वस्त व्हायला तिला आणखी दोन दशके लागली.

१७/
२००७ नंतर ही 'एसएसडी' लॅपटॉपमध्ये दिसू लागली. तिने एक शहाणपण केले. ती त्याच अडीच इंची मापात, त्याच साटा जोडणीसह आली. आत एकही चक्र नसताना तिने जुन्या डिस्कचा आकार आणि चार स्क्रूंच्या जागा धारण केल्या. त्यामुळे लाखो जुन्या लॅपटॉपना नवा जन्म मिळाला. दोन-तीन मिनिटे उघडायला घेणारे यंत्र काही सेकंदांत उघडू लागले. नवा लॅपटॉप घेणे ज्याला परवडत नाही अशा विद्यार्थ्यासाठी हा बदल केवळ वेगाचा नव्हता. त्याचे यंत्र आणखी चार-पाच वर्षे कामाचे राहण्याचा तो प्रश्न होता.

१८/
आता प्रत्यक्ष काम. क्रम महत्त्वाचा आहे. आधी मजकुराची प्रत, मग पेचकस. लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरी सुटी होत असेल तर काढावी, आतली असेल तर तिची जोडणी सोडवावी. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते आणि तिचा एक झटका नाजूक भागाला पुरतो. मराठवाड्याच्या कोरड्या ऋतूंत हे विशेष जपावे. आधी एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावावा. डिस्क तिच्या चौकटीसह सरळ मागे सरकवावी, वर उपटू नये. नवी त्याच चौकटीत बसवावी. स्क्रू आवळावेत, पण पिळू नयेत.

१९/
मात्र कामाचा गाभा पेचकसात नाही; तो प्रत उतरवण्यात आहे. ५०० गिगाबाइटची भरलेली डिस्क जुन्या यूएसबी जोडणीतून उतरवायला चार तासांच्या वर लागू शकतात. संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत करण्याची 'डीडी' ही आज्ञा युनिक्स प्रणालीत १९७० च्या दशकापासून आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास न्यूझीलंडमध्ये मरे हॅझार्ड यांनी 'घोस्ट' हा कार्यक्रम लिहिला आणि एका डिस्कची जुळी डिस्क करणे सामान्य तंत्रज्ञाच्या हाती आले. चार तास यंत्र काय करते? लेखनिक करी तेच. एक ओळ वाचणे, एक ओळ लिहिणे.

२०/
आणि लेखनिकाकडून जे होई तेही. चूक. एक अक्षर गळते, एक ओळ दोनदा उतरते. म्हणून प्रत करणे पुरेसे नाही, ती ताडून पाहावी लागते. मराठी वाङ्मयात याचे सर्वांत मोठे उदाहरण एकनाथांचे आहे. ज्ञानेश्वरीच्या निर्मितीनंतर जवळजवळ तीन शतकांनी, शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४), त्यांनी निरनिराळ्या पोथ्यांतले अपपाठ दूर करून शुद्ध प्रत सिद्ध केली. संगणकात हेच काम गणिती बेरजा करतात. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये चूक ओळखून दुरुस्त करणारी संकेतपद्धती मांडली. मूळ आणि नक्कल यांची बेरीज जुळली तरच नक्कल खरी. ही जुळणी होण्याआधी जुनी डिस्क पुसणे म्हणजे एकनाथांच्या आधीच्या पोथ्या पाण्यात सोडण्यासारखे.

२१/
मूळच जखमी असेल तर? महानुभाव परंपरेत याचे उत्तर आहे. म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत नष्ट झाली, असे परंपरा सांगते. मग शिष्यांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला. जे आठवले ते वेगवेगळे होते, म्हणून वेगवेगळे पाठ निर्माण झाले. आजारी डिस्कवरून मजकूर काढणारे कार्यक्रमही याच वाटेने जातात. जे सहज वाचता येते ते आधी उचलायचे, अवघड भाग मागे ठेवायचा, मग त्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळायचे. हाती येते ते बहुधा सर्व नसते. आणि प्रत्येक प्रयत्नात दुखावलेली तबकडी आणखी दुखावते.

२२/
दुसरा प्रसंग कुलुपाचा. आजचे अनेक लॅपटॉप डिस्कवरचा मजकूर सांकेतिक रूपात ठेवतात. डिस्क दुसऱ्या यंत्राला लावली तर किल्लीवाचून काही वाचता येत नाही. महानुभावांनी चौदाव्या शतकात आपले ग्रंथ 'सकळ' लिपीत लिहून ठेवले. पंथाबाहेरच्यांना ती लिपी वाचता येत नव्हती. ग्रंथ सुरक्षित राहिले, पण शतकानुशतके मराठी वाङ्मयाच्या इतिहासापासून दूरही राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला. लॅपटॉपच्या कुलुपाला मात्र राजवाडे भेटणार नाहीत. डिस्क काढण्याआधी ती किल्ली कागदावर उतरवून ठेवणे हाच उपाय.

२३/
तिसरा प्रसंग खास मराठी आहे. डिस्क बदलली, सर्व फाइली सुखरूप उतरल्या, आणि तरी एकही वाचता येईना. कारण अक्षरांचा साचा, म्हणजे फॉन्ट, जुन्या डिस्कवरच राहिला. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी टंकलेखन श्री-लिपीसारख्या संचांतून किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या प्रणालीतून होई. प्रत्येकाचा संकेत निराळा. फॉन्ट नसेल तर 'अंबाजोगाई' या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा खच दिसतो. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, पण घराघरांतल्या संगणकांत ती स्थिरावायला एकविसावे शतक उजाडले. त्याआधीची गावोगावची नियतकालिके, स्मरणिका आणि प्रबंध आजही अशा फाइलींत अडकलेले आहेत.

२४/
मोडी लिपीची अवस्था याहून वेगळी नाही. लाखो कागद दप्तरखान्यांत शाबूत आहेत, वाचणारे मूठभर. कागद टिकला, वाचनाची रीत तुटली. म्हणून डिस्क बदलताना केवळ मजकूर नव्हे, तो वाचण्याचे साधनही सोबत न्यावे लागते. फॉन्ट, जुना हिशेबाचा कार्यक्रम, त्याचा परवाना. आणि शक्य असेल तेथे जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवावा. हे लिप्यंतर आहे. बाळबोधीत उतरवलेल्या मोडी कागदाइतकेच ते मोलाचे आहे.

२५/
जुन्या डिस्कचे काय करावे? पूर्वी जीर्ण पोथी नदीत सोडत. भावना आदराची होती, पण त्या आदराने असंख्य पाठ बुडाले. जुनी डिस्क चालू असेल तर तिला छोट्या पेटीत घालून यूएसबीने जोडता येते आणि ती दुसरी प्रत म्हणून ठेवता येते. ती विकायची किंवा द्यायची असेल तर फाइल 'डिलीट' करणे पुरेसे नाही. त्याने अनुक्रमणिकेतील नाव पुसते, पान तसेच राहते. संपूर्ण डिस्कवर पुन्हा लिहूनच ती कोरी होते. मेलेली डिस्क घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी. देशात त्यासाठी २०११ पासून नियम आहेत.

२६/
एसएसडी आली म्हणून चिंता संपली, असेही नाही. तिच्या कप्प्यांत किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा आहे. वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवली तर कोंडलेला भार हळूहळू गळू शकतो. फिरती डिस्क मरण्यापूर्वी बहुधा कुरकुरते. एसएसडी अनेकदा एके सकाळी काही न बोलता थांबते. दासोपंतांच्या पासोडीला चार शतके विजेची गरज लागली नाही, हा फरक नजरेआड करू नये.

२७/
आता सर्वांत अलीकडचे वळण. लॅपटॉप पातळ होत गेले तशी अडीच इंची पेटी गेली आणि 'एम डॉट टू' ही च्युइंगगमच्या पट्टीएवढी डिस्क आली. ती एका स्क्रूने निघते. परंतु काही यंत्रांत स्मृती मुख्य पटलावर थेट डाख देऊन बसवली जाऊ लागली. ॲपलच्या २०१५ सालच्या बारा इंची मॅकबुकमध्ये ती अशीच होती. यात जागा वाचते, जाडी घटते. पण स्मृती निकामी झाली तर पटलच बदलावे लागते, आणि पटल निकामी झाले तर धडधाकट स्मृतीही हाती लागत नाही. १९७३ मध्ये पेटी बंद झाली होती; आता पेटीच नाहीशी झाली.

२८/
म्हणूनच हा प्रश्न तंत्रज्ञांपुरता राहिला नाही. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे तिने आरंभी घेतली. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू झाले. ट्रॅक्टर असो वा लॅपटॉप, प्रश्न एकच आहे. विकत घेतलेली वस्तू उघडण्याचा, तिचा झिजलेला भाग बदलण्याचा आणि ते काम आपल्या गावातल्या कारागिराकडून करून घेण्याचा अधिकार मालकाला आहे की नाही? अंबाजोगाईसारख्या गावाला हा प्रश्न महानगरापेक्षा अधिक टोचतो, कारण कंपनीचे अधिकृत केंद्र तेथून दूरच्या शहरात असते.

२९/
या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट निघते. स्मृती जपणारी कोणतीही वस्तू कायमची नाही. ताडपत्र, कागद, कापड, फीत, तबकडी, फ्लॅश, प्रत्येकाचे आयुष्य ठरलेले. टिकते ते एका वस्तूवरून दुसरीवर वेळेत उतरवलेले. त्या प्रत्येक उतरवण्यात तीन कामे असतात. नक्कल करणे, नक्कल ताडणे आणि ती वाचण्याची रीत सोबत नेणे. यांतले एक चुकले तरी साखळी तुटते. 'विवेकसिंधु' आपल्यापर्यंत आला तो अनाम लेखनिकांनी ही साखळी तुटू दिली नाही म्हणून. पासोडी आली ती एका गावाने एक वस्त्र अपवादात्मक निष्ठेने जपले म्हणून. अशी निष्ठा प्रत्येक वस्तूच्या वाट्याला येत नाही.

३०/
लॅपटॉपच्या डिस्कच्या वाट्याला तर ती येणारच नाही. तिच्यासाठी कोणी देवघर बांधणार नाही, पिढ्यान्‌पिढ्या वंशज पहारा करणार नाहीत. तिच्यावरची छायाचित्रे, पत्रे, हिशेब आणि अर्धवट कविता यांना लेखनिकाचाच आधार. तो लेखनिक म्हणजे यंत्राचा मालक. डिस्क टक्-टक् करू लागण्याआधी, यंत्र नीट चालत असतानाच, एक दुसरी प्रत करून ती वेगळ्या जागी ठेवणे, एवढेच त्याचे काम. ते झालेले असेल तर डिस्क बदलणे खरोखरच चार स्क्रूंचे आणि पंधरा मिनिटांचे काम राहते.

(समाप्त)